कोपरा कापलेला अंक

श्री

सोलापूर, ता. १४ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप ज्ञानबामामा यांच्या चरणी सोलापुराहून भाचा धोंडीराम याचा दंडवत. पोस्टमनने हे पत्र हाती दिल्यावर मामांनी प्रथम त्याचे कोपरे पाहावेत. चारही शाबूत आहेत आणि वर 'श्री' आहे. तेव्हा पत्र उंबऱ्याच्या आत नेण्यास हरकत नाही, वाचून आंघोळ करण्याचे कारण नाही आणि फाडून उकिरड्यावर टाकण्याचेही नाही. जोतीनंतर घरात आणखी कोणी गेलेले नाही. मामींच्या गुडघ्याला आता कसे आहे ते कळवावे. थंडी पडली आहे, पहाटे स्टेशनाकडे फिरायला जाताना कानाला काहीतरी बांधत जावे. यंदा शाळू बरा आहे असे जेऊरकडून आलेल्या एका माणसाने सांगितले, ऐकून समाधान वाटले. आमच्याकडे सर्व ठीक आहे. (ठीक म्हणजे जेवणे होतात, मी गिरणीत जातो, परत येतो.) काही मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, फक्त खुशाली कळावी एवढाच हेतू आहे.

तुम्ही दहाव्याला आलात आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलात, त्यामुळे पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत असण्याचे कारण नाही. जे झाले ते तुमच्या एका सल्ल्यावरून झाले, तेव्हा ते तुम्हाला कळवणे मला योग्य वाटते. दोष देत नाही. सल्ला रीतीला धरूनच होता.

आधी एक गोष्ट लिहून टाकतो. दहाव्याला घाटावर चार लोकांत तुम्ही म्हणालात की आमचा जोती मोटारीचा धंदा करायचा. मी तिथे काही बोललो नाही. (मी कुठेच बोलत नाही, आम्हा दोघा भावांत बोलण्याचे खाते जोतीकडे होते.) पण जोतीने मोटारीचा धंदा कधी केला नाही. जोती आयुष्यात दोनदा मोटारीत बसला आणि दोन्ही वेळा ओकला. तो मोटारीच्या धंद्याचे मासिक काढत होता. 'मोटारबंधू' असे त्याचे नाव, आणि ते दर महिन्याला तुमच्या पत्त्यावर फुकट येत होते. ते निघाले कसे तेही सांगतो. जोती इथल्या एका मोटारसामानाच्या दुकानात पत्रव्यवहार पाहायला होता. त्या दुकानात विलायतेहून मोटारवाल्यांची मासिके येत. गुळगुळीत कागद, पानोपानी चित्रे, कोणत्या कारखान्याने कोणते इंजिन काढले, टायर कसा जपावा, कोणी कोणती एजन्सी घेतली, सगळे त्यात असे. जोती सांगायचा की त्या देशात रस्त्यावर धड मोटारी दिसू लागल्या नव्हत्या तेव्हाच मोटारवाल्यांची मासिके निघाली होती. गाडी मागून आली, तिच्याबद्दल भांडणारे छापून आधी आले. दुकानाचा मालक त्यातली चित्रे पाही आणि पाने नटबोल्ट गुंडाळायला देई. इकडे अड्ड्यावरचे ड्रायव्हर कालपर्यंत टांगा हाकणारे. त्यांना इंग्रजी कोठून येणार? गाडी चढावर थांबली की ते तिला नारळ फोडत. जोतीने ती पाने नटबोल्टांवरून सोडवून घरी आणली, शेजारच्या मास्तरांचा कोश उसना घेतला आणि १९२६ च्या जानेवारीत पहिला अंक काढला.

पहिले वर्ष फुकट गेले, कारण कोश पंडिताने केलेला होता. रेडिएटरला जोतीने 'उष्णताहारक' लिहिले. त्यावर बार्शीच्या एका ड्रायव्हरचे पत्र आले की आमच्या गाडीला उष्णताहारक बसवलेला नाही, तो कोणत्या दुकानात मिळेल आणि त्याशिवाय गाडी इतकी वर्षे चालली कशी. जोतीने ते पत्र मला वाचून दाखवले आणि तासन्‌तास हसला. मग कोश परत दिला, अड्ड्यावर जाऊन बसला आणि ड्रायव्हर ज्या भागाला जे म्हणतात ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या वर्षापासून मासिकात 'रेडेटर' आला, 'किलच' आला, दट्ट्या आला, आणि लोक वाचू लागले. गाडीत बसवत नाही म्हणून तो अड्ड्यावर गाडीशेजारी डोळे मिटून उभा राही आणि इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडले ते सांगे, तेच पुढे अंकात छापी. अंक पहिल्या तारखेला म्हणजे पहिल्या तारखेला. १९३० साली शहरात लष्करी कायदा होता, तेव्हाही अंक निघाला. (त्यात टायरांखेरीज कशाबद्दलही एक अक्षर नव्हते, म्हणून निघाला.) विलायती मासिकांच्या कचेऱ्यांत शंभर शंभर माणसे असतात म्हणे. इथे जोती होता, पत्ते लिहायला त्याने अक्षरओळख करून दिलेली त्याची बायको राजाबाई होती, आणि प्रेसमध्ये अंकाच्या घड्या घालणारी चंद्रव्वा होती.

यंदाच्या डिसेंबरचा अंक एकशे आठवा. जोतीने पुष्कळ आधी ठरवले होते की एकशे आठ झाले की माळ पुरी झाली, सगळ्यांची चामड्याच्या पाठीची बांधणी करायची आणि फाईल आमच्या पेठेतल्या वाचनालयात ठेवायची. तिथल्या चिटणिसांशी तो बोललाही होता. त्यांचे म्हणणे, मोटारी हे काही वाङ्मय नव्हे, पण संच पुरा असेल तर ठेवू. अर्धवट मात्र काही आणू नका, आमच्याकडच्या अर्धवट पुराणांनाच वाळवी पुरत नाही. जोतीला हे बोलणे मान-सन्मानासारखे वाटले. नोव्हेंबरात तो तापाने पडला. पंधराव्या दिवशी, ता. १९ ला, गेला. आदल्या दिवशी शुद्ध होती तेव्हा त्याने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, डिसेंबरचा अंक चुकू द्यायचा नाही. दुसरी, फाईल वाचनालयात पोचवायची. बायकोचे पाहा, असेही तो म्हणाला नाही. मी ते पाहीन हे त्याला माहीत होते. मासिकाबद्दल मात्र त्याला माझी खात्री नव्हती, आणि ती नव्हती ते बरोबरच होते.

अंकाचा मजकूर त्याने आजारी पडण्यापूर्वीच तयार केला होता. राहिले होते फक्त पहिले पान. तिथे जोतीवर आठ ओळी लिहायच्या असे मी ठरवले. मामा, मी गिरणीत हजेरीचा कारकून. बावीस वर्षे 'हजर' आणि 'गैरहजर' यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. आठ ओळींना तीन दिवस लागले. त्या चांगल्या होत्या असे मी म्हणत नाही, पण खऱ्या होत्या. फोटो घालायचा विचार होता, पण जोतीचा फोटो नाही. आपल्या मायाक्काच्या लग्नातला एक आहे, त्यात तो मागे उभा आहे आणि पुढे तुमचा पटका आल्यामुळे त्याचा फक्त एक कान दिसतो. कानाचा छपाईचा ठोकळा कोणी करून देत नाही.

आठ ओळी घेऊन मी मल्लिकार्जुनाच्या प्रेसमध्ये गेलो (हाच सुरुवातीपासून अंक छापायचा), तर तिथे चनबसप्पा येऊन बसलेला. हा अक्कलकोटच्या रस्त्यावर मोटारसर्व्हिस चालवतो. माणूस वाईट नाही. जोतीला खांदा द्यायला तो होता, आणि चिता पेटल्यावर माझ्यापेक्षा जास्त रडला. त्याला शोक छापायचा होता. मी म्हटले, सर्व मोटारवाल्यांतर्फे एक ओळ मी घातली आहे. त्यावर तो म्हणाला, "मालक, आमी रडायचं तर नावानं रडलं पायजे की. नुसतं मोघम रडलेलं कुणाला कळतंय?" मोटारवाल्यांची ही रीतच आहे. नऊ वर्षांत त्या मासिकात कोणाच्या घरी मुलगा झाला तरी बातमीखाली गाडी सुटण्याची वेळ छापलेली असे. चनबसप्पाने मजकूर लिहूनच आणला होता. जोतीरामरावांच्या निधनाने आमची अक्कलकोट सर्व्हिस शोकसागरात बुडाली आहे, गाडी रोज वेळेवर सुटते. माझ्या आठ ओळींच्या पाच झाल्या.

त्याच रस्त्यावर गुरुसिद्धप्पाची गाडी चालते. चनबसप्पाचा शोक पहिल्या पानावर जाणार हे त्याला कसे कळले देव जाणे. तो संध्याकाळी घरीच आला. त्याचे म्हणणे, त्याला कोणाहीपेक्षा अधिक दुःख झाले आहे आणि तसेच छापून यावे. शिवाय त्याने नवे टायर घातले आहेत. पहिल्या पानावर जागा नाही म्हटल्यावर दुसऱ्या पानाच्या अगदी माथ्यावर, पहिल्याच ओळीत 'सकाळी ७ वाजता' हे शब्द आले पाहिजेत, मग खाली दुःख कुठेही चालेल, असे त्याने सांगितले. पुढच्या दोन दिवसांत पेट्रोलवाला, टायरवाला, गाडीच्या गाद्या शिवणारा, हॉर्नचे फुगे विकणारा, सगळे रडून गेले. कोणाला नाही म्हणवले नाही. मी सुतकात, हे लोक डोळे पुसत पुढ्यात बसलेले, त्यांना तुमचे अश्रू दोन ओळी कमी करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? जोती असता तर त्याने हसत हसत सगळ्यांना शेवटच्या पानावर बसवले असते. माझ्या ओळी दोन उरल्या. "या मासिकाचे संस्थापक व संपादक कै. जोतीराम यांचे ता. १९ रोजी विषमज्वराने निधन झाले. नऊ वर्षांत त्यांनी एकही अंक चुकवला नाही." मी म्हटले, असो. एवढे पुरे आहे.

दहाव्याला तुम्ही आलात. त्या दिवशी पहिल्या पानाचे प्रूफ घरात पडले होते, ते तुम्ही उचललेत. (जोतीच्या मासिकाचा कागद तुम्ही हातात घेतलेला मी तेवढाच पाहिला.) काळी चौकट पाहिलीत, आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "मयताची खबर तीनशे घरांत चाललीय आन् कागदाचा कोपरा तसाच? लोकांच्या उंबऱ्यात अवदसा घालतोस व्हय?" मी विचार केला, मामांचे खरे आहे. आपल्याकडे मयताचे साधे कार्ड टाकायचे तरी कोपरा फाडून टाकतात. मी स्वतः तुम्हाला जोतीचे कार्ड तसेच टाकले होते. ती रीत मासिकाला लागू आहे की नाही हे विलायती मासिकांत कोठे लिहिलेले नसावे. संध्याकाळी मी मल्लिकार्जुनाला निरोप पाठवला की सर्व प्रतींच्या मुखपृष्ठाचा वरचा उजवा कोपरा कापावा. मयताचे दिवस, म्हणून त्यानेही वाद घातला नाही. त्याने गठ्ठा यंत्रात घालून पाते ओढले.

पण त्याआधी, आणि हे मला तेराव्याला कळले, चनबसप्पा पुन्हा प्रेसमध्ये गेला होता. त्याला आपले नाव बारीक वाटले. मल्लिकार्जुनाकडे नाटकांच्या जाहिरातींसाठी ठेवलेली लाकडी अक्षरे आहेत, टरबुजाएवढी. त्या अक्षरांत चनबसप्पाने आपले नाव बसवून घेतले, तेही काळ्या चौकटीच्या आत. वर फोटोच्या जागी मल्लिकार्जुनाने आपला नेहमीचा मोटारीचा ठोकळा घातला. त्याच्याकडे तो एकच आहे, स्टेअरिंगचे चाकही उलट्या बाजूला असलेला, आणि नऊ वर्षे सगळ्यांच्या जाहिरातींना तोच चालला. एवढे सगळे चौकटीत बसवायचे तर माझ्या दोन ओळी कुठे जाणार? त्या चौकटीबाहेर, पानाच्या अगदी वरच्या कडेला गेल्या. पहिली ओळ जिथे संपत होती तो उजवा कोपरा. पाते तिथूनच गेले.

अंक ३० तारखेला पोस्टात पडला. पहिल्या तारखेला तेरावे होते. त्याच दिवशी प्रेसमधून आमच्या पाच प्रती घरी आल्या. अंक वेळेवर निघाला, एक गोष्ट झाली, असे मी मनात म्हटले. राजाबाईने वरची प्रत उचलली. घरात माझ्यासमोर ती कधी बोलत नाही, डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून जाते. त्या दिवशी ती पहिले पान बराच वेळ पाहत उभी राहिली. बोट एकेका ओळीवरून फिरवत होती, जोतीने शिकवले होते तसे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, समद्यांची नावं हायती. त्येंचं कुटं हाय?"

मी पान हातात घेतले. "या मासिकाचे संस्थापक व संपादक कै.", आणि पुढे कापलेली कड. दुसऱ्या ओळीपासून "यांचे ता. १९ रोजी". मोटारीचे चित्र होते, चनबसप्पाचे नाव हाताएवढे होते, हॉर्नचे फुगे विकणाऱ्याचे पूर्ण नाव गावासकट होते. जोतीचे नव्हते. मी काही बोलायच्या आत राजाबाईची आई सारजाबाई पुढे आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण कापलेला कोपरा कोणालाही वाचता येतो. मयताचा कागद तेराव्याच्या अन्नाजवळ आणलाच कसा म्हणून त्यांनी पाचही प्रती उचलल्या, दाराबाहेर नेल्या, बारीक फाडल्या आणि गटारात सोडल्या. त्यांचेही चुकले नाही.

पुढचे ऐकून तुम्हाला हसू येईल. इथे सगळ्यांना आले. चनबसप्पाचा ड्रायव्हर बिरदेव याला अंक वळसंगच्या थांब्यावर मिळाला. त्याला मोठी अक्षरे तेवढी वाचता येतात. कोपरा कापलेला, काळी चौकट, आत मालकांचे नाव, वर मालकांची मोटार. त्याने भरलेली गाडी रस्त्यात थांबवली, विहिरीवर जाऊन आंघोळ केली आणि ओल्या धोतराने बांधावर बसून राहिला. उतारूंनी विचारले तर म्हणाला मालक गेले. एकाने म्हटले की सकाळी अड्ड्यावर तर बसलेले दिसले होते. त्यावर बिरदेवाचे उत्तर असे की मीबी बघितलं व्हतं, पर छापून आलंय की. नऊ वर्षांत 'मोटारबंधू'त चुकीचे काही छापून आले नव्हते, त्याचे हे फळ. उतारू उतरले आणि मागून आलेल्या गुरुसिद्धप्पाच्या गाडीत बसून गेले. संध्याकाळपर्यंत वळसंगची आणि आसपासची पाचपंचवीस माणसे चनबसप्पाच्या दारी आली. तो बाजेवर बसून चुरमुरे खात होता. त्याला पाहून बायकांनी जास्तच मोठ्याने रडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. भांडायला आला होता. "मेलो तर मेलो, त्याचं काय न्हाय," तो म्हणाला, "पर आमची माणसं त्या गुरुसिद्धप्पाच्या गाडीत बसली की वो मालक." त्याला पुढच्या अंकात, त्याच अक्षरांत, तो हयात असल्याचे छापून हवे होते. मी सांगितले की पुढचा अंक नाही, मासिक संपले. (मग त्याने हस्तपत्रके काढली. मी हयात आहे, गाडी वेळेवर सुटते. चारही कोपरे शाबूत, आणि ते दाखवायला हलगीवाला बरोबर.) तेवढ्यात गुरुसिद्धप्पाही तक्रार घेऊन आला. कोपरा पानाच्या दोन्ही बाजूंनी कापला जातो हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पाठीमागून त्याचे 'सकाळी ७ वाजता' गेले होते. दोघे माझ्या ओसरीवर समोरासमोर बसले आणि कोणाचे नुकसान मोठे यावर वाद घालू लागले. एकजण मेला होता आणि एकाची वेळ गेली होती. मी मधे म्हणालो की जोतीचे नावच गेले आहे. दोघांनी ते पाहिलेच नव्हते. गुरुसिद्धप्पा उठून गेला. चनबसप्पाने रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि जाताना दारातून म्हणाला, "माझं नाव जरा बारीक चाललं असतं."

आता राहिली फाईल. एकशे सात अंक घरात आहेत, एकशे आठवा नाही. मल्लिकार्जुनाने कापल्या कोपऱ्याची प्रत प्रेसमध्ये ठेवून घेतली नाही, अपशकुन नको म्हणून. सरकारात जी प्रत जाते ती गेली. तिथे गेलेला कागद मागायला जाण्याइतके माझे वय उरलेले नाही. म्हणून गिरणीतून रजा घेऊन मी गावातल्या एकेका वर्गणीदाराकडे गेलो, बाहेरगावी कार्डे टाकली. मामा, लोकांनी नऊ वर्षांचे अंक किती जपले आहेत ते मी प्रथमच पाहिले. दुकानातून, अड्ड्यावरून, गाडीच्या शेडमधून, तारेला ओवून लावलेले, काळ्या तेलाचे बोटांचे ठसे पडलेले, महिन्यावार. कोणी एक अंक टाकलेला नाही. आणि डिसेंबरचा विचारला की प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगे, फाडला की मालक, रीतीनं फाडला, आंघोळबी केली. मोहोळच्या एकाने तर जोती सख्ख्या भावासारखा होता म्हणून अंक फाडून वर एक दिवस गाडी बंद ठेवली. त्यांनी जोतीचा मान ठेवला. मान ठेवला नसता तर एखादी प्रत मिळाली असती.

परवा वाचनालयात गेलो. चिटणिसांनी मोजले आणि एकशे सात म्हणजे अर्धवट असे सांगितले. त्यांचेही बरोबर आहे. सगळ्यांचे बरोबर आहे. या सबंध प्रकरणात चूक केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी गठ्ठा उचलून परत आणला.

तेव्हा जे झाले ते असे. माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नये. जोतीच्या नशिबात वाचनालय नव्हते म्हणायचे आणि गप्प बसायचे, ते मला जमते. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र घरातच वाचावे.

तुमचा
धोंडीराम

ता. क. मामींच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली जेऊरकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो. चोळून वर एरंडाचे पान बांधावे.

ता. क. दुसरे. दहाव्याला मामी बोलता बोलता म्हणाल्या की तुम्ही 'मोटारबंधू'चे वेष्टन नऊ वर्षांत एकदाही फोडलेले नाही. अंक आला की आहे तसा माळ्यावर फेकता, आणि कणगीत ओल येऊ नये म्हणून वर्षाच्या शेवटी बुडाशी घालता. हे ऐकून मला फार वाईट वाटले होते. जोतीला हे ठाऊक होते. तो म्हणायचा, "पोचतोय न्हवं? मग झालं की." आता उलट आहे. तीनशे घरांत तुमचे एकच घर असे आहे की जिथे अंक कोणी वाचत नाही, आणि वेष्टन फोडल्याशिवाय कोपरा दिसत नाही. जोतीच्या एकशे आठ अंकांपैकी एकही तुम्ही वाचला नसेल, अशी मी देवाजवळ प्रार्थना करीत आहे. माळ्यावर पाहावे. सापडला तर न फोडता तसाच पाठवावा. हे पत्र त्यासाठीच लिहिले. वर 'काही मागण्यासाठी नाही' असे खोटे लिहिले, त्याची क्षमा असावी.

ता. क. तिसरे. पत्र बंद करायच्या आधी चंद्रव्वा येऊन गेली, अंकाच्या घड्या घालणारी. तिला अक्षर येत नाही. प्रेसमधली कात्रणे ती घरी चुलीला नेते. तिने पदरातून एक पुडके काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "ह्यात जोतिबामालकांचं नाव हाय म्हनं. चुलीत कसं घालायचं?" सगळे कोपरे होते. एका बाजूला 'जोतीराम', दुसऱ्या बाजूला 'सकाळी ७ वाजता'. जन्मात दोनदाच गाडीत बसलेल्या माणसाच्या नावामागे सुटण्याची वेळ. असो. कोपरे माझ्याकडे आहेत, अंक तुमच्याकडे असेल. आला की खळ लावून त्यातला एक जागेवर बसवतो, म्हणजे चिटणिसांना काही बोलता येणार नाही. पाठवताना मात्र बाहेरून मोठ्या अक्षरात 'श्री' लिहावे, नाहीतर सारजाबाई तो उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत.